चोर सापडला, मोबाईल मात्र मुद्देमालात: माझा अनुभव

आमच्या हापूसच्या बागेत कित्येक हंगाम राखणीला असलेल्या नेपाळी माणसाचा मोबाईल आणि मजुरीचे पैसे पोलीस ठाण्यातून सोडवताना जो मनस्ताप झाला, तो लिहून ठेवते आहे. माझी मुलं त्याला दाजू म्हणतात, नेपाळीत थोरल्या भावाला म्हणतात तसं, म्हणून मीही दाजूच म्हणते. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत फवारणी, राखण, तोडणी या नेपाळी लोकांच्या जिवावर चालते, तेव्हा ही वेळ उद्या कुठल्याही बागायतदारावर येऊ शकते.

झालं ते थोडक्यात सांगते. ऐन एप्रिलात शेजारच्या वाडीतल्या एका घरातलं सोनं गेलं. उजाडायच्या आत सगळीकडे एकच वाक्य फिरलं, "नेपाळ्यांचंच काम हे." दुपारी पोलिसांनी दाजूला आणि पलीकडच्या बागेतल्या आणखी एका गुरख्याला गाडीत घालून नेलं. हात उगारला नाही, पण रात्रभर "तुम्ही लोक असेच" हे ऐकवत राहिले. सकाळी सोडलं. मांगराची, म्हणजे बागेतल्या त्याच्या खोपीची, झडती घेऊन मोबाईल आणि ट्रंकेतली रोकड मात्र ठेवून घेतली. पुढे ते सोनं एका सोनाराकडे गहाण ठेवलेलं सापडलं. ठेवणारा त्याच घरातला नातेवाईक होता. त्याच्यावर दोषारोपपत्रही गेलं.

आता मोबाईल परत मिळेल असं कुणालाही वाटेल. मी ठाण्यात गेले तर उत्तर मिळालं, "पंचनाम्यात आलाय, कोर्टाची ऑर्डर आणा."

इथे एक गोष्ट आधी सांगते, कारण मला ती नंतर सुचली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. एफआयआरची प्रत काढा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर नाजूक गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर दिसतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तसा आदेशच दिला आहे. मी ती प्रत वाचली आणि माझं डोकं तडकलं. फिर्यादीत लिहिलं होतं "अनोळखी इसम". चेहरा कुणी पाहिला नव्हता, नेपाळी हा शब्द अख्ख्या फिर्यादीत कुठेच नव्हता. तो फक्त नाक्यावर, टपरीवर आणि गाडी घेऊन आलेल्यांच्या तोंडात होता. म्हणजे एका माणसाला डोळ्यांच्या ठेवणीवरून उचललं, आणि कागदावर त्याचा मागमूसही नाही. वाडीतल्या एकाने "मी बॅटरीच्या उजेडात गुरखाच पाहिला" असं छातीठोक सांगितलं होतं. कोणता गुरखा, विचारल्यावर म्हणाला, "सगळे सारखेच दिसतात." ज्याला सगळे सारखे दिसतात त्याच्या ओळखीवर कुणाची रात्र कोठडीजवळच्या बाकावर जाऊ नये, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

वकील शोधायला वेळ लागला नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. आम्हाला मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या आणि कामाला चोख. त्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली, मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज लगेच दाखल केला.

आणि मग सुरू झालं 'से'ची वाट बघणं. अर्जावर पोलिसांचं म्हणणं मागवतात, त्याला कोर्टात से म्हणतात. तो येईपर्यंत अर्ज हलत नाही. तारखेला गेलं की "से आलेला नाही". ठाण्यात गेलं की "साहेब बंदोबस्ताला". पुन्हा तारीख, पुन्हा मुद्देमाल कारकून रजेवर. तोवर पावसाळा तोंडावर आला, बाकीची नेपाळी मंडळी गावाकडे निघाली, आणि दाजू मांगरात बसून. त्याच्या घरचे नंबर त्याच मोबाईलमध्ये. एक पाठ होता, तो लागत नव्हता. माझ्या मोबाईलवरून तो दर संध्याकाळी तोच नंबर लावून बघायचा. ठाण्यातल्यांना मी हे सांगितलं, तर एक जण म्हणाला, "वैनी, यांच्यासाठी एवढं कशाला पळताय? दुसरा मिळेल." दुसरा मोबाईल की दुसरा माणूस, मी विचारलं नाही. मी फक्त माझ्या अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच मागितली आणि ती मिळेपर्यंत समोरून हलले नाही. तुम्हीही प्रत्येक वेळी पोच घ्या. पुढच्या तारखेला त्या पोचांचा गठ्ठाच कामाला आला.

शेवटी से आला. त्यात काय होतं? "अर्जदार नेपाळचा रहिवासी असून येथे कायमचा पत्ता नाही, फरार होण्याची शक्यता आहे." जो आरोपी नाही, ज्याच्यावर दोषारोपपत्र नाही, तो फरार कशापासून होणार? शिवाय त्याचं ओळखपत्र खोटं असावं अशीही शंका घेतली होती. का, तर त्याच्या नागरिकतेच्या कागदावर जन्मसाल २०४६ लिहिलंय! नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवतात चालतं. २०४६ म्हणजे आपलं १९८९-९०. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही विक्रम संवत छापलेला असतो. कागद देवनागरीत होता, वाचायला कुणाचीही मदत लागली नसती. माणसाला विचारलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, शंका मात्र लिहून पाठवली, आणि त्या एका ओळीपायी आणखी एक तारीख गेली. वकीलबाईंनी साल उलगडून सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडलं. तुमच्याकडे नेपाळी माणूस असेल तर हे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा, से येण्याची वाट बघू नका.

पत्त्याच्या मुद्द्यावर त्यांनी १९५० चा भारत-नेपाळ मैत्री करार दाखवला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांचे लोक एकमेकांकडे राहू शकतात, काम-धंदा करू शकतात. व्हिसा लागत नाही. आणि सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालाची प्रत दिली. जप्त वस्तू पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त ठाण्यात पाडून ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. न्यायाधीशांनी दोन्ही वाचलं आणि तिथल्या तिथे आदेश दिला. इतका वेळ ज्यासाठी गेला ते काम चहा निवायच्या आत झालं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. रडू आलं, सांगायला लाज नाही.

मोबाईलसाठी बिल मागतात. दाजूकडे बिल नव्हतं, खोकं होतं, त्यावरचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाईलचा स्वतःचा वेगळा क्रमांक, जुळला. खोकी फेकू नका. रोकड सुटली ती माझ्या सासूबाईंच्या शिस्तीमुळे: आमच्याकडे मजुरीची वही आहे, प्रत्येक उचलीपुढे घेणाऱ्याची सही, आणि पैसे बँकेतून काढल्याची नोंद. त्या दोन्हींचा मेळ बसला. सुपूर्दनामा लिहून द्यावा लागतो, वस्तू विकणार नाही आणि बोलावल्यावर हजर करू, असा. जामीनदार म्हणून मी सही केली.

आणखी दोन गोष्टी. चौकशीला बोलावलं तर लेखी नोटीस मागा. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, जवळच्या माणसाला कळवावं लागतं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. घटनेचं हे संरक्षण फक्त भारतीयांपुरतं नाही. दुसरं, दोषारोपपत्राची नक्कल काढून ठेवा. आरोपींच्या यादीत आपलं नाव नाही हे दाखवायला दाजू ती घडी करून नागरिकतेसोबत ठेवतो. वाडीत अजून दोघं-तिघं कुजबुजतातच. त्यांच्यापुढे मी ती नक्कल मोठ्याने वाचली आहे.

दाजूबरोबर नेलेल्या त्या दुसऱ्या गुरख्याचा मोबाईल अजून ठाण्यातच आहे. त्याचे मालक म्हणतात, कोण कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. अर्जाचा आणि संवताच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, वकीलबाईही हो म्हणाल्या आहेत. त्या मालकांनी फक्त मजुरीची वही आणि मोबाईलचं खोकं घेऊन यावं.