युगांडात गोरिला बघायचेत? आधी परमिट, मग बाकी सगळं

बरेच जण आधी स्वस्तातलं विमानाचं तिकीट काढून ठेवतात आणि गोरिलांचं नंतर बघू म्हणतात. युगांडाच्या बाबतीत हे चालत नाही हो, कारण ब्विंडीच्या जंगलात गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला फक्त आठ पर्यटक सोडतात, तेही एकच तास, आणि सीझनमध्ये परमिटं खूप आधी संपतात. परमिट युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीचं, परदेशी माणसाला ८०० डॉलर. शेजारी रवांडात हेच १५०० आहे, तेव्हा आमचा निर्णय तिथेच झाला.

परमिट आलं की पहिलं काय बघायचं, तर सेक्टर, म्हणजे जंगलाचा कुठला भाग. बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो असे चार आहेत आणि परमिट त्यातल्या एकाचंच असतं. आमच्या एजंटने परमिट काढलं रुशागाचं आणि लॉज दिलं बुहोमात! नकाशावर जवळ दिसतं, पण मध्ये डोंगर, रस्ता घाटाचा, काही तास मोडतात आणि निघण्याआधी सूचना देतात ते ब्रीफिंग सकाळी आठच्या सुमारास. नवऱ्याने मॅपवर बघितलं म्हणून कळलं, मग भांडून लॉज बदलून घेतलं. एजंट म्हणे, ‘मॅडम, एकच जंगल आहे.’ बरं!

व्हिसा ऑनलाइन होतो, त्यात काही विशेष नाही. खरी पळापळ यलो फिव्हरच्या इंजेक्शनची. ते कुठल्याही डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि अनेक डोसांची एक वायल (बाटली) उघडली की ती लगेच संपवावी लागते म्हणून काही ठिकाणी ठरावीक वारीच बोलावतात. आम्हाला एका केंद्राने स्टॉक नाही म्हणून परत पाठवलं, मग दुसरीकडे रांग. इंजेक्शन घेतल्याचं पिवळं कार्ड देतात, ते जपून ठेवा, परत येताना आपल्याकडेही मागतात, नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन. आणि डॉलरच्या नोटा नवीन न्या, २००९ च्या आधीच्या तिकडे सहसा कोणी घेत नाही.

विमानतळ एन्टेबीला, तिथून ब्विंडी गाडीने अख्खा दिवस. वाटेत विषुववृत्त ओलांडलं, तिथे फोटो काढायला सगळेच थांबतात. अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात त्याला रोलेक्स म्हणतात, तो मात्र खाच.

सकाळी पासपोर्ट तपासतात, सर्दी-खोकला असेल तर सोडत नाहीत कारण आपली साधी सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. माझा घसा धुळीने खवखवत होता, मी तोंडातून आवाज काढला नाही. ट्रॅकर लोक आमच्या आधीच गेलेले असतात, गोरिला रोज रात्री नवीन घरटं करून झोपतात, कालचं घरटं सापडलं की तिथून माग काढतात आणि रेंजरला वॉकीटॉकीवर सांगतात. मग आपण चालायचं. वाट नाहीच, पुढचा माणूस कोयत्याने झाडी तोडतो, खाली चिखल आणि खाजकुइली असते तशी अंगाला झोंबणारी पानं. ग्लोव्हज घाला, पँट मोज्यात खोचा. आणि पोर्टर घ्याच, गावातलीच मुलं-मुली असतात, त्यांना रोजगार मिळतो आणि चढावर ते आपल्याला अक्षरशः ओढून नेतात. आमची पोर्टर विशीतली मुलगी, माझी बॅग पाठीवर आणि मी तिच्या हातात!

नियमाने दहा मीटर लांब राहायचं आणि मास्क लावायचा. पण नियम आपल्याला, गोरिलांना नाही. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवरचे केस चंदेरी झालेला मोठा नर, एका फांदीची साल दाताने सोलत बसला होता, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक पिल्लू छाती बडवायला उभं राहिलं आणि तोल जाऊन मागे पडलं, सगळे मास्कमध्ये हसतायत. दिवसभर पाला खातात त्यामुळे पोटाचे आवाज आणि वास पण भरपूर, हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही. जगात माउंटन गोरिला हजाराच्या थोडे वर, त्यातले निम्म्याच्या आसपास या एका जंगलात. रेंजरने ‘टाइम’ म्हटलं तेव्हा नवऱ्याचा फोन भरलेला होता आणि अर्ध्याहून जास्त फोटोत नुसती पानं.

आता नवरा युगांडातल्याच किबालेच्या जंगलातल्या चिंपांझींचं बघतोय. त्याचंही परमिट वेगळं.