चवथीच्या रात्रीचे ३९ युनिट

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधाच्या गोळ्या बनवणारा प्लँट. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो चार दिवस बंद होता. दीड दिवसाचा गणपती पोहोचवून घरी आलो, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास) उतरवायची होती, तरी आधी लॅपटॉपवर सबमीटर, म्हणजे प्रत्येक विभागाचे वेगळे वीजमीटर, उघडले. ते पावसाळ्याआधीच बसवले होते. तोवर महिन्याचं एकच बिल यायचं आणि कुठल्या मशीनने किती वीज खाल्ली हे कुणालाच सांगता येत नसे.

पॅकिंग शून्य, ग्रॅन्युलेशन (पावडरीचे दाणे करण्याचा विभाग) शून्य. हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर मात्र तासाला ३९ युनिट, दोन्ही रात्री, एका सुरात.

एएचयूच्या (खोल्यांना हवा पुरवणाऱ्या यंत्रांच्या) डँपरना, म्हणजे झडपांना, दाबाची हवा लागते म्हणून सुट्टीतही एक कॉम्प्रेसर चालू ठेवतो. पण डँपर अशी किती हवा घेणार?

सकाळी प्लँट गाठला. कॉम्प्रेसर वगैरे सांभाळणारे युटिलिटीचे मामा ड्यूटीवर होते. "चवथीत कसले आलात, साहेब? आधी नेवरी खा," म्हणाले. नेवरी हातातच राहिली. डँपरची लाइन बंद केली आणि ७५ किलोवॉटच्या कॉम्प्रेसरसमोर घड्याळ लावून उभे राहिलो. लोड (हवा भरणं) ३० सेकंद, अनलोड (मोटर नुसती फिरणं) ९०. पुन्हा तेच, पुन्हा तेच. कुणीही हवा वापरत नसताना दोन मिनिटांतली ३० सेकंद, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती गळत होती. शिवाय अनलोडमध्ये हवा न देताही मोटर २५ किलोवॉट ओढत होती. दिवसाला नऊशेच्या वर युनिट! मला खरंच वाईट वाटलं.

मग पॅकिंग हॉलमध्ये गेलो. एरवी तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळीकडून फुसफुस येत होती. साबणाचं पाणी लावलं की क्विक कपलरवर (नळी पटकन जोडायच्या जोडावर) बुडबुड्यांचा भोपळा फुगायचा. प्लॅस्टिकच्या पीयू ट्यूब, फिल्टरच्या वाट्या, एक सैल युनियन (पाइपचा जोड). सात बार दाबाला ३ मिलिमीटरचं भोकसुद्धा तीन-चार किलोवॉट खातं. इथे खडूच्या खुणा सतरा झाल्या.

सगळ्यांत मोठी गळती रिसिव्हरखाली, म्हणजे हवेच्या टाकीखाली, निघाली. साचलेलं पाणी आपोआप सोडणारा ऑटो ड्रेन गंजाच्या कचऱ्याने उघडाच अडकला होता. मामा तिथे बराच वेळ उभे राहिले. "हा आवाज मी रोज ऐकतो, साहेब. मला वाटायचं, हा असाच असतो."

त्यांचा काय दोष? आम्ही त्यांना दाब लिहायला सांगितला होता, वेळ मोजायला कधीच नाही.

प्लँट सुरू व्हायच्या आत सोळा गळत्या बंद केल्या. पुन्हा मोजलं तर लोड १०, अनलोड १९०. सुट्टीला आता कोपऱ्यात पडलेला जुना ११ किलोवॉटचा कॉम्प्रेसर चालवतो. नाताळात त्याने तासाला सहा युनिट घेतले. सतरावी गळती फॉल्स सीलिंगच्या वर आहे, तिथे शिडी पोहोचत नाही. मामांनी भिंतीवर खडूने बाण काढून ठेवलाय, पुढच्या शटडाउनसाठी.