पुढची काच: शोरूमचं कोटेशन आणि शंभर फुटीचा भाव

गाडीची पुढची काच बदलायच्या शोरूमच्या कोटेशनमध्ये पाच ओळी होत्या: काच, बीडिंग (काचेच्या कडेची रबरी पट्टी), सीलंट किट, मजुरी आणि जीएसटी. बेरीज साडेअकरा हजार. मग सांगलीच्या शंभर फुटी रोडवरच्या काचवाल्याला फोन लावला. त्याने गाडीचं मॉडेल आणि साल विचारलं आणि म्हणाला, "कंपनीची पाहिजे का बाहेरची, तेवढं बोला ताई. बाहेरचीत पण दोन हायेत."

सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात होती, आणि शोरूममध्ये ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी द्राक्ष बागायतदारांसाठी माती आणि देठ परीक्षणाची छोटी लॅब चालवते. ऑक्टोबर छाटणीनंतर बागा फुलोऱ्यात आल्या की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ असं रोजचं फिरणं सुरू होतं. गाडी २०१६ची, साधी हॅचबॅक. पुढच्या काचेवर कॅमेरा नाही, पावसाचा सेन्सर नाही. आहे तो आरसा आणि फास्टॅग. कवठेमहांकाळच्या अलीकडे ताडपत्री न टाकलेल्या खडीच्या डंपरमागे सापडले, एक खडा उडाला आणि काचेच्या खालच्या कडेला टवका गेला. मधल्या भागात, नजरेच्या आड, लहानसा टवका असता तर त्यात राळ भरून भागलं असतं. कडेच्या टवक्याला तो इलाज चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गार काचेला ब्लोअरची गरम हवा लागली आणि तडा वायपरखालून निघून पार आरशापाशी गेला.

आता घरचे सल्ले. नवरा म्हणाला, "कंपनीचीच घाल, उगाच झंझट नको." सासऱ्यांचं म्हणणं, दहा वर्षांच्या गाडीला साडेअकरा हजारांची काच म्हणजे पैसे जास्त झालेत. शोरूमच्या सल्लागाराने तर फोनवर "बाहेरची टाकली तर वॉरंटीला प्रॉब्लेम येईल हं मॅडम" असंही सुनावलं. माझ्या गाडीची वॉरंटी संपून इतकी वर्षं झालीत, की त्याच्या कॉम्प्युटरलाही ते आठवत नसावं.

गाडी बनवणाऱ्या कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत. ती काचेच्या कारखान्यातून येते. आपल्याकडच्या गाड्यांना बरीचशी काच पुरवणारी असाही इंडिया आहे, तिच्यात मारुती सुझुकीचाच हिस्सा आहे. सँ-गोबँ सेक्युरिटचा कारखाना तर आपल्या चाकणला. हेच कारखाने गाडीच्या कंपनीचं चिन्ह छापलेली काच कंपनीला देतात आणि चिन्ह नसलेली, फक्त स्वतःचं नाव असलेली काच बाजारात विकतात. काचवाल्याच्या दोन 'बाहेरच्या' काचांपैकी पहिली ही. दुसरी म्हणजे जिच्यावरचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसतं, किंवा नावच नसतं. ओरिजनल आणि डुप्लिकेट असे दोनच खण करणारे लोक पहिलीलाही दुसरीच्या पंक्तीला बसवतात, आणि शोरूमला ते सोयीचंच पडतं.

ओळखायचं शिक्क्यावरून. माझ्या जुन्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, काळ्या पट्टीच्या जरा वर, बारीक पांढऱ्या अक्षरांत तो होता. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचला. सगळ्यात वर गाडीच्या कंपनीचं चिन्ह. त्याखाली काच बनवणाऱ्याचं नाव. मग 'लॅमिनेटेड'. मग आयएसआयची खूण आणि तिच्याबरोबर आयएस २५५३, हे गाड्यांच्या सेफ्टी काचेचं भारतीय मानक. शेजारी गोलातला ई आणि ४३ आर, म्हणजे बाहेरच्या देशांतही चालणारी मान्यता. आणि सगळ्यात खाली एक आकडा आणि काही ठिपके: आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, ठिपक्यांवरून महिना. पुढची काच बदलली तेव्हा दारांच्या काचांचे शिक्केही बघितले. जुन्या काचेसकट सगळ्यांचं वर्ष एकच निघालं, म्हणजे आधी कुठलीच बदललेली नव्हती. सेकंडहँड गाडी घेताना ही युक्ती फार कामाला येते, पण तो वेगळा विषय.

दुकानात गेले तेव्हा काचवाल्याने दोन्ही बाहेर काढल्या. नावाची काच बसवून ६,२००, बिननावाची ४,३००. मी म्हटलं, "मामा, दोन्ही जरा उजेडात धरा." त्याला सवय असावी, कारण काही न विचारता पोराला हाक मारली. समोरच्या बंद दुकानाचं शटर खाली होतं, आडव्या पट्ट्यांचं. काच गाडीत बसते तशी तिरकी धरायला लावली आणि मी मागे उभी राहून डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत शटरकडे बघत राहिले. नावाच्या काचेतून पट्ट्या सरळ दिसत होत्या. अगदी कडेला, काळ्या पट्टीजवळ किंचित वाक, तेवढाच. बिननावाच्या काचेतून मात्र शटर मध्येच पोटाशी फुगायचं आणि डोकं हललं की फुगवटा पुढे सरकायचा. उभी धरली तेव्हा हे काही दिसलं नव्हतं. तिरकी धरल्यावरच दिसलं.

मामाने स्वतःहूनच सांगितलं, "ही आम्ही टेंपोवाल्यांना देतो. त्यांना भाव परवडतो." ज्या रस्त्यावर रात्री साडेसातला एकामागून एक उसाच्या दुहेरी ट्रॉल्या असतात, मागे रिफ्लेक्टर नाही, लाल दिवा नाही, त्या रस्त्यावर समोरचं वेडंवाकडं दाखवणारी काच टेंपोवाल्यानेही घेऊ नये असं माझं मत आहे. १,९०० रुपये वाचतात हे मान्य. पण टेंपोवाला माझ्यापेक्षा जास्त रात्री चालवतो.

जुन्या काचेत आणि नव्या काचेत फरक अजिबात नाही असं मात्र नाही. जुनीला हिरवट झाक जास्त होती, नवीला कमी. कायद्याने पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, तो दोन्हींतून येतो. पण दुपारी डॅशबोर्डवर ऊन थोडं जास्त जाणवतं. आरशाचं धातूचं बटण काचेवर आयतं चिकटवलेलं नव्हतं, ते जुन्या काचेवरून काढून नवीवर लावावं लागलं. वरची काळी पट्टीही बोटभर अरुंद आहे. चिन्हाचे पैसे द्यायचे तर या गोष्टींसाठी द्यायचे, आणि मला त्या पाच हजारांच्या वाटल्या नाहीत.

खरी काळजी मला काचेपेक्षा चिकटवण्याची होती. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पडदा, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. म्हणून ती फुटली तरी जागेवर राहते, दारांच्या काचेसारखा तिचा चुरा होत नाही. पण तिला गाडीला धरून ठेवतं ते फक्त सीलंट. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून काचेचा आधार असतो. आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना पुढच्या काचेला टेकूनच माणसाकडे वळते. काच कच्ची बसली असेल तर एअरबॅग काचेलाच बाहेर ढकलणार. चिन्हाची काच आणून ती घाईत चिकटवणाऱ्यापेक्षा, चिन्ह नसलेली काच नीट बसवणारा माणूस मला कधीही चालेल.

म्हणून मी स्टूल घेऊन तिथेच बसले. दोन पोरं, एक आत, एक बाहेर. मध्ये तार ओवून आळीपाळीने ओढत जुनं सीलंट कापत गेले. काच निघाल्यावर चौकटीवरचं जुनं सीलंट त्यांनी पूर्ण खरवडलं नाही, पातळ थर ठेवला. नवं सीलंट त्यावर चांगलं धरतं आणि पत्र्याला पातं लागत नाही. एका ठिकाणी तारेने रंग उडालाच, तिथे प्रायमर लावला. तो लावला नसता तर पावसाळ्यात तिथून गंज धरला असता आणि मग 'बाहेरची काच गळते' असं आपण म्हणत बसलो असतो. सीलंटच्या नळीवरची मुदत मी वाचायला मागितली. मामाला जरा राग आला, पण नळी हातात दिली. मुदत पुढच्या वर्षाची होती. मग रबरी कपांनी उचलून काच एकदाच, सरळ खाली बसवली आणि वरून कागदी टेप मारला.

"आज गाडी इथंच राहू दे ताई. उद्या न्या." हे वाक्य ज्या दुकानात ऐकू येत नाही तिथे काच बदलू नये. हे पॉलियुरेथेनचं सीलंट हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. कुठलं एका तासात गाडी चालवण्याइतकं धरतं, कुठल्याला जास्त वेळ लागतो, आणि नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत तर घाई करूच नये. दुसऱ्या दिवशी गाडी देताना त्याने एक खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांगितलं, कारण दार आपटलं की आतली हवा काचेला धक्का देते. दोन दिवस प्रेशरने धुवायची नाही, टेप काढायचा नाही. मी टेप लावलेली गाडी घेऊन बागेत गेले तर एक शेतकरी म्हणाले, "मॅडम, बँडेज केलंय जणू."

फास्टॅगचं लक्षात ठेवा. तो जुन्या काचेबरोबर जातो. सोलून काढायला गेलं तर फाटतो, तो तसाच बनवलेला असतो. बँकेकडून बदली टॅग मागवावा लागतो, आणि पुण्याला जायचं असेल तर तासवडे, आनेवाडी अशा टोलनाक्यांवर टॅगशिवाय जादा टोल भरायची तयारी ठेवावी लागते. मी काच बसवायच्या आधीच बँकेच्या अॅपवरून मागवला.

विम्याचा हिशेब मी कागदावर मांडला. मोटार पॉलिसीत काचेवर घसारा शून्य धरतात, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, नसलं तरी. रबराच्या बीडिंगवर ५० टक्के कापतात, सीलंट वगैरे वेगळं कव्हर नसेल तर मिळत नाही, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आपले आपण भरायचे. म्हणजे शोरूमची साडेअकराची काच क्लेममधून जवळजवळ फुकट. इथपर्यंत सगळे खूश होतात. पण माझा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, ५० टक्क्यांवर होता. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता सहा हजार धरला तर क्लेमनंतर पहिल्या नूतनीकरणाला ३,००० रुपयांची सवलत गेली. दुसऱ्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरुवात, म्हणजे १,८०० गेले. तिसऱ्या वर्षी २५ टक्के, १,५०० गेले. ६,३०० तिथेच झाले. गाडी जुनी होते तसा हप्ता थोडा उतरतो, ते धरूनही क्लेम परवडत नव्हता. मी ६,२०० रोख दिले. नवऱ्याला हा कागद दाखवल्यावर 'कंपनीचीच घाल' हा आग्रह आपोआप मावळला.

हे सगळं ऐकून आमचे भावजी म्हणाले, "वहिनी, मग मी पण शंभर फुटीलाच जातो." त्यांच्या एसयूव्हीच्या काचेला खालून तडा गेलेला. मी त्यांना नको म्हटलं. त्यांच्या गाडीत आरशामागे कॅमेरा आहे, तो लेन बघतो, पुढची गाडी बघतो, वेळ आली तर स्वतः ब्रेक मारतो. कॅमेऱ्यासमोरचा काचेचा तुकडा जराही वेडावाकडा चालत नाही, त्याचा ब्रॅकेट मिलिमीटरभरही सरकलेला चालत नाही, आणि काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नीट जुळवणं, करावंच लागतं. पावसाच्या सेन्सरखाली जेलची चकती असते, तीही नवी लागते. मामालाही फोनवर विचारलं, तो म्हणाला, "कॅमेरावाली आम्ही घेत नाही ताई, मशीन नाही आपल्याकडं." हे त्याने सरळ सांगितलं म्हणून मी त्याचा नंबर चार जणांना दिला. भावजींची गाडी पहिल्याच वर्षातली, एनसीबी अजून जमलाच नव्हता, आणि कोटेशन चाळीस हजारांच्या घरात. त्यांनी चिन्हाची काच घेतली आणि क्लेम केला. मी त्यांच्या जागी असते तरी हेच केलं असतं.

काच बसली, पण कॅलिब्रेशनसाठी गाडी कोल्हापूरला न्यायला सांगितलंय आणि तारीख पुढच्या आठवड्याची मिळालीय. तोवर कॅमेऱ्याची सगळी कामं शोरूमवाल्यांनी बंद करून दिलीत. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असतो आणि भावजी दर दोन दिवसांनी मला त्याचा फोटो पाठवतात.