सोनारचा सराव आणि देवमासे: दुर्बिणीआधी नकाशा

जुहूला किंवा अलिबागकडे देवमासा किनाऱ्याला लागला की दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लागलेला असतो: नौदलाचा सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून शोध घेणारं यंत्र. पुरावा कुणी मागत नाही. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते, जहाजावर टेहळणीला माणसं असतात, मग काळजी कसली? दोन्हीकडे पाणी मुरतंय.

पाणबुड्या शोधायला जहाजाच्या तळाशी बसवलेला सोनार साधारण 1 ते 10 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आवाज सोडतो. अमेरिकी नौदलाच्या मोठ्या सोनारची पातळी एक मीटरवर 235 डेसिबल. हे पाण्यातले डेसिबल. हवेतल्या आकड्याशी तुलना करायची तर सुमारे 62 वजा करावे लागतात. तेव्हा ‘जेट विमानाच्या इतके पट’ छापाच्या बातम्या सोडून द्या. आवाज चहूकडे सारखा पसरला तर अंतर दहापट झाल्यावर 20 डेसिबल उतरतात, म्हणजे एक किलोमीटरवर 175.

समुद्र मात्र असा सरळ वागत नाही. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, घुसळण होते आणि एकाच तापमानाचा जाड थर तयार होतो. त्या थरात खोलीबरोबर दाब वाढतो, तसा ध्वनीचा वेगही किंचित वाढतो. त्यामुळे आवाज वर वळतो, पृष्ठभागावर आपटून खाली येतो, पुन्हा वर वळतो. थरात कोंडलेला हा आवाज लांबवर जोरकस राहतो. मार्च 2000 मध्ये बहामा बेटांवर 17 प्राणी किनाऱ्याला लागले, त्यांत बहुतेक बीक्ड व्हेल, म्हणजे चोचीसारख्या तोंडाचे, खोल बुडी मारणारे देवमासे. तिथे असाच थर होता, निसटायला वाट कमी असलेली खोल सामुद्रधुनी होती आणि अनेक जहाजांचे सोनार तासन्‌तास चालू होते. पुढच्या वर्षीच्या संयुक्त अहवालात अमेरिकी नौदलानेही सोनार हेच सर्वांत संभाव्य कारण मानलं.

म्हणून खरं संरक्षण जहाज बंदर सोडण्याआधी, नकाशावर होतं. सरावाचा चौकोन आखताना तीव्र उताराच्या कडा आणि समुद्रातल्या दऱ्या वगळायच्या. सकाळी वेगवेगळ्या खोलीवर पाण्याचं तापमान मोजायचं आणि वर जाड थर दिसला तर जागा किंवा वेळ बदलायची. मुंबईसमोरचा उथळ पट्टा खूप रुंद आहे. बॉम्बे हाय तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, तरी तिथे पाणी जेमतेम 75 मीटर. बीक्ड व्हेलचा मुलूख त्यापलीकडच्या उतारावर. उताराच्या अलीकडे, किनाऱ्याला धरून, हंपबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा, पण पाठीवर पर नसलेला लहान प्राणी) असतात. त्यांच्या पाठीशी जमीन असते. म्हणून सोनार चालू ठेवून समुद्राकडून किनाऱ्याच्या दिशेने येणं सगळ्यात वाईट.

कॅनरी बेटांवर सप्टेंबर 2002 मधल्या सरावाच्या वेळी 14 बीक्ड व्हेल लागले. 2004 मध्ये स्पेनने बेटांभोवती 50 सागरी मैलांत सोनारला मनाई केली आणि पुढे तिथे तसं सामूहिक लागणं झालं नाही. याच्या तोडीचा दुसरा उपाय नाही.

टेहळणीचे नियम त्यानंतर. अमेरिकी पद्धतीत प्राणी 1000 यार्डांत दिसला तर आवाज 6 डेसिबलने कमी (दाब निम्मा), 500 यार्डांत एकूण 10 ने, 200 यार्डांत बंद. प्राणी निघून जाताना दिसला नाही तर 30 मिनिटं थांबायचं. जहाजाच्या नाकाशी लाटेवर खेळायला आपणहून आलेल्या डॉल्फिनना मात्र सूट आहे. कागदावर छान. पण बीक्ड व्हेल तासभर खाली असतो, वर येतो काही मिनिटं. 12 नॉटने जाणारं जहाज त्या तासाभरात 22 किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पांढऱ्या लाटा उठल्या की दुर्बीण निरुपयोगी, रात्री तर बोलायलाच नको.

मग हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन लावा, असं सुचवलं जातं. लावावाच, पण शांततेवर विसंबू नये. बीक्ड व्हेल वरच्या पाण्यात गप्प असतो. पॉरपॉइजची टिकटिक 125 किलोहर्ट्झच्या वर. सेकंदाला 96 हजार नमुने घेणाऱ्या रेकॉर्डरला ती ऐकूच येत नाही, तीन लाखांच्या पुढचा हवा.

आता किनाऱ्याचं. जिवंत प्राणी दिसला तर वनविभागाला 1926 वर कळवा. शेपटीला दोर बांधून ओढू नका. अंगावर ओलं कापड ठेवा, पण डोक्यावरचं नाकपुडीचं भोक मोकळं ठेवा. पावसाळ्यात वाऱ्याने आलेल्या कुजक्या धुडावरून सोनारबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सोनारचा संशय रक्तवाहिन्यांतल्या वायूच्या बुडबुड्यांवरून घेतात, पण कुजतानाही शरीरात वायू तयार होतो. ते बुडबुडे मरणापूर्वीचे की नंतरचे, हे ताज्या धुडातल्या वायूच्या नमुन्यातूनच कळतं: नायट्रोजन भरपूर असेल तर संशयाला जागा, हायड्रोजन सापडला तर कुजण्याची खूण. कानाचा आतला भाग काही तासांत फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे. देवमासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने हे काम वनविभागाच्या परवानगीने पशुवैद्यांनीच करायचं. म्हणून परवानगीचा फोन आधी, खड्डा खणायला जेसीबी नंतर.