तुम्ही विचारलंत म्हणून : कॅमेरा कुठला?

आकाशगंगेचा फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कुठला? साध्या कॅमेऱ्यात येतं का हे?

येतं. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची झूम लेन्स आणि ट्रायपॉड. १८ मिमी, म्हणजे चौकट सगळ्यात रुंद. एफ ३.५, म्हणजे लेन्सचं तोंड; आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२००. शटर १५ सेकंद उघडं. त्याहून फार जास्त ठेवलं तर पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. एवढं ऐकून तुमचं समाधान होतं. माझं होत नाही, कारण हे सगळे आकडे त्या रात्रीही माझ्याकडे होते.

एप्रिलची अमावास्या. सोलापूरच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या पुढे, भीमेकडे मामांचं शेत आहे. उत्तरेच्या नान्नजकडे मुद्दाम गेले नाही. शहराच्या उत्तरेला उभं राहिलं की सोलापूरचा उजेड नेमका दक्षिणेला, जिथे आकाशगंगा टिपायची त्या वृश्चिक राशीच्या खाली येतो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. मामा उसाला पाणी द्यायला जागेच होते. माझ्यासाठी त्यांनी मोटरीच्या खोलीवरचा दिवा काढला, शेजारच्या वस्तीवर जाऊन त्यांचाही बंद करायला लावला आणि अंधारातच बाऱ्या मोडत राहिले. पहाटे तीनला वृश्चिक दक्षिणेला उभा होता. मामा ओल्या पायांनी आले. "झालं का गं? बघू की." स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं.

घरी येऊन मोठं करून बघितलं, तर प्रत्येक तारा हरभऱ्याएवढा. दीडशे फोटो, सगळे तसेच. स्वातीचा तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून फोकस केला होता, पण झूम ५५वर ठेवून. तारा मोठा दिसतो म्हणून. मग चौकटीसाठी १८वर आले आणि फोकस सरकला. झूम हलवला की फोकस पुन्हा बघायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतेय.

त्यानंतर कितीतरी दिवस मी सगळ्यांना बजावत होते, कॅमेऱ्याचं काही नसतं, हात आणि अंधार पाहिजे. आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. मैत्रिणीची एफ १.८ची लेन्स लावून बघितली. जवळजवळ पावणेचारपट प्रकाश आत येतो, आणि ते फोटोत दिसतं. मग पैशाचा प्रश्न खरा नाही असं कसं म्हणू? पण दोन दिवे कुठल्या लेन्सने बंद होणार होते?

पुढच्या वर्षी तिथूनच टाचणीच्या टोकासारखे तारे टिपले आणि प्रिंट घेऊन मामांकडे गेले. त्यांनी बघितला, चांगलाय म्हणाले. भिंतीवर मात्र त्या पहिल्या रात्रीचाच ठेवलाय. "ह्यात वृश्चिकातली ज्येष्ठा तांबडी दिसती. तुझ्या नव्यात पांढरी झालीय."

खरंय ते. फोकस सुटला की ताऱ्याचा प्रकाश पसरतो, जळून पांढरा होत नाही, आणि रंग उरतो. तरी त्या भिंतीकडे मला अजून नीट बघवत नाही.