ठसका आणि साडेसातशे फ्रेम्स

जाहिरातपटासाठी या क्षेत्राबाहेरचा दिग्दर्शक घ्यायचं ठरलं की एजन्सीत पहिली चर्चा फीची होते. त्याला बोलवायचं कधी, हा प्रश्न कुणी काढत नाही, आणि घोळ तिथेच होतो. नेहमीच्या रीतीत क्लायंट स्क्रिप्ट मंजूर करतो, मग तीन दिग्दर्शकांकडून ट्रीटमेंट, म्हणजे फिल्म कशी करणार याचं टिपण, आणि कोटेशन मागवतात. तोवर कोण कुठे बसणार आणि कुठल्या वाक्यावर हसणार हेसुद्धा ठरून गेलेलं असतं. बाहेरून आलेल्याला ‘ॲक्शन’ म्हणण्यापलीकडे काय उरतं?

कांदा-लसूण मसाल्याच्या तीस सेकंदांच्या फिल्मसाठी आम्ही माहितीपट करणाऱ्या एका दिग्दर्शिकेला स्क्रिप्टच्या आधी बोलावलं. मी एजन्सीकडून निर्मिती बघत होते. तिला दिलेला ब्रीफ, म्हणजे कामाची माहिती आणि अटी, एका पानाचा होता: मसाला कुणासाठी, त्याचं वेगळेपण एका वाक्यात, आणि काय बदलता येणार नाही. शेवटचे तीन सेकंद पॅक शॉटचे, म्हणजे मसाल्याचं पाकीट दाखवायचे, ही पहिली अट. दुसरी अट शब्दांची. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८ चे नियम आहेत. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असे शब्द त्यांच्या अटींत बसले तरच वापरता येतात. माहितीपटवाले कलाकारांना आपल्या शब्दांत बोलू देतात, आणि मराठी माणूस मसाल्याबद्दल मोकळेपणी बोलायला लागला की दुसऱ्या वाक्यात ‘अस्सल’ येतोच. ती यादी सेटवर सांगून उपयोग नाही, पहिल्याच दिवशी हातात द्यावी.

जाहिरात आणि सिनेमाची सोयरीक तशी जुनी आहे. श्याम बेनेगल मुंबईत लिंटास या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर होते, आणि त्यांच्या ‘अंकुर’ला (१९७४) पैसा दिला तो थिएटरांत जाहिरातपट पुरवणाऱ्या ब्लेझने. सत्यजित राय १९४३ पासून कोलकात्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रं काढत होते. तेव्हा जाहिरातीतून माणसं सिनेमात गेली, आता उलटी वाट का अवघड व्हावी?

आमच्या पहिल्या कच्च्या स्क्रिप्टमध्ये सून वाढते आणि सासरे बोटं चाटतात. दिग्दर्शिकेने ती बाजूला ठेवली आणि एक दिवस फक्त रेकॉर्डर घेऊन गिरगावातल्या एका चाळीत काढला. तिने आणलं ते चित्र नव्हतंच. भिंतीपलीकडून फोडणीचा चर्र आवाज, मग गॅलरीत कुणाला तरी लागलेला ठसका, आणि शेजारणीची हाक: “अगं, काय घातलंस गं आज?” फिल्म तिथेच सापडली. ब्रीफ तेवढा मोकळा नसता तर त्या आवाजाला स्क्रिप्टमध्ये जागाच नव्हती.

क्लायंटचा आक्षेप अपेक्षित होता. “ताई, आपल्या मसाल्याने लोक खोकतात असं दाखवायचं?” पीपीएममध्ये, म्हणजे शूटिंगआधीच्या शेवटच्या बैठकीत, ठरलं की शेजारणीचा शॉट दोन्ही तऱ्हांनी घ्यायचा, ठसक्यासह आणि ठसक्याशिवाय. अशी सोय शूटच्या आधी कागदावर हवी. सेटवर मॉनिटरच्या मागे सुरू झालेला वाद बारा तासांच्या शिफ्टमधला तास सहज खातो.

खरी ओढाताण फ्रेम्सची. टीव्हीसाठी सेकंदाला २५ धरल्या तर तीस सेकंदांच्या झाल्या ७५०. पॅक शॉटच्या ७५ वजा केल्या की गोष्टीला ६७५. माहितीपटाच्या सवयीने आठ सेकंदांचा शॉट धरला तर असे पूर्ण तीनच बसतात. म्हणून प्रत्येक शॉटपुढे फ्रेम्सचा आकडा लिहून स्टोरीबोर्ड केला आणि रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, फोनवर घेतलेल्या दृश्यांचा कच्चा एडिट शूटच्या आधीच लावून पाहिला. त्यात कच्च्या स्क्रिप्टमधले सासरेही गेले. दहा सेकंदांची आवृत्ती मात्र मोठ्या फिल्ममधून कापून निघेना, कारण आवाज कुठून येतो हे कळायलाच आठ सेकंद जात होते. तिच्यासाठी कढई आणि शेजारीण एकाच फ्रेममध्ये असा वेगळा शॉट घेतला. छोटी आवृत्ती ‘एडिटमध्ये बघू’ म्हणून सोडली की ती हमखास लंगडी निघते.

चाळ बाहेरून गिरगावची, स्वयंपाकघर गोरेगावला लावलेल्या सेटवरचं. गोष्टीत एक मूल होतं. बालकलाकारासाठी २०१७ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, सलग तीनपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत. गिरगाव मुंबई शहर जिल्ह्यात आणि गोरेगाव उपनगर जिल्ह्यात, म्हणून अर्जही दोन. चाळीतलीच दोन पोरं एका शॉटमध्ये मधूनच पळत गेली. फिल्ममधला सगळ्यात जिवंत शॉट तो, आणि त्यांच्या परवानगीचा कागद नसल्यामुळे टाकून द्यावा लागला. दिग्दर्शिका दोन दिवस हळहळत होती. मीही.

सेटवर कढईने दमवलं. तेल फोडणीइतकं तापलं की मसाला काही सेकंदांत काळा पडतो, म्हणून कढई उतरवून, तेल जरा निवल्यावर मसाला घातला. चर्र आवाज वेगळा रेकॉर्ड केला. वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही. मागून दिवा आणि पाठीमागे गडद भिंत लागते. तर्रीत दिव्याचं पांढरं प्रतिबिंब पडतं, ते लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून कमी होतं. पूर्ण घालवलं तर मात्र तर्री तेलाऐवजी रंगासारखी दिसते, थोडी चमक ठेवावीच लागते.

आता कागदपत्रं, जी सगळ्यांना शेवटी आठवतात. नोकरीत नसलेल्या लेखकाच्या शब्दांचे हक्क लेखी हस्तांतराशिवाय आपले होत नाहीत. कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ऑनलाइन दाखवायची फिल्म असेल तर या दोन ओळी सोडूच नयेत. पैशांचंही तसंच. एजन्सीला क्लायंटकडून मिळाल्यावरच पुढे द्यायचे, ही बाजारातली रीत एकट्या फिल्मकाराला परवडत नाही. अशा फिल्मकाराची सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल तर लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांपलीकडची मुदत करारातसुद्धा घालता येत नाही. ते धरूनच आम्ही क्लायंटकडून आगाऊ रक्कम मागितली.

शेवटी ठसका राहिला, पण लहान झाला: एकदाच, सहा फ्रेम्स कापून, आणि लगेच शेजारणीची हाक. मिक्स मोठ्या स्पीकरवर मस्त वाटला. फोनवर लावला तर फोडणी चक्क पावसासारखी ऐकू आली. मग चर्रच्या आधी कढईवर उलथण्याची एक टक्‌ घातली.