तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या पेन्शनसाठी शहराने पैसे आणायचे कुठून?

महापालिका कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी पत्रके आणि निवेदने लिहिणे व ती आयुक्तांपासून मंत्रालयापर्यंत पोहोचवणे हे माझे काम आहे असे कळले, की समोरचा बहुधा हाच प्रश्न विचारतो. प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे, आणि ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेत त्याचे उत्तर सापडत नाही.

राज्य शासनात 1 नोव्हेंबर 2005 पासून आणि मुंबई महापालिकेत 5 मे 2008 पासून रुजू झालेल्यांना जुनी योजना मिळाली नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे कंत्राटावर कचरा उचलणारा कामगार कोणत्या तारखेपासून कायम धरला गेला, यावर त्याचे म्हातारपण ठरते. जुन्या योजनेत अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम व त्यावर महागाई भत्ता मिळे. नव्या योजनेत जमा रकमेचा किमान 40 टक्के भाग वार्षिकीत, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत, गुंतवावा लागतो. समजा, 20 लाख रुपये साठले, तर त्यातील 8 लाखांवर सहा टक्के दराने महिन्याला 4,000 रुपये येतात. उरलेले 12 लाख हाती मिळतात, हे आमच्या पुष्कळशा पत्रकांत नसते. मी ते आवर्जून लिहितो, कारण ते लपवले की पुढचे कोणी ऐकत नाही.

राज्याचे निवृत्तिवेतन राज्याच्या तिजोरीतून जाते, महापालिकेचे मात्र शहराच्या. जकात हा मुंबईचा मोठा आधार होता. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई उरली. म्हणून जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी केलेल्या मार्च 2023 च्या संपासारख्या लढ्यातून राज्याने काही मान्य केले, तरी महापालिकेला निर्णय स्वतंत्रपणे लागू करून पैसा स्वतःच उभा करावा लागतो.

माझे उत्तर असे, की पैसा निवृत्तीच्या दिवशी शोधायचा नसतो. डी. एस. नकारा या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यातील 17 डिसेंबर 1982 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसल्याचे स्पष्ट केले. ते पूर्वी केलेल्या कामाचे देणे असेल, तर काम झाले त्याच वर्षी त्याची रक्कम बाजूला पडायला हवी. जुन्या योजनेत ती पडत नव्हती. चालू वर्षाच्या करातून मागच्या पिढीचे देणे भागवले जाई. निधीची भाषा म्हणजे प्रशासनाची भाषा, असे आमच्यातले काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. निधीचा आग्रह कर्मचाऱ्यांनीच धरला पाहिजे, कारण उड्डाणपुलाचे उद्घाटन होते, निवृत्तिवेतन निधीचे होत नाही आणि अंदाजपत्रकात कात्री प्रथम तिथेच लागते.

त्यामुळे माझ्या निवेदनात हमीच्या निवृत्तिवेतनाबरोबर आणखी दोन मागण्या असतात : त्यासाठी वेगळा, इतरत्र वळवता न येणारा निधी असावा आणि पुढील देण्यांचे विमागणिती मूल्यमापन, म्हणजे पुढे किती निवृत्तिवेतन द्यावे लागेल याचा आयुर्मान वगैरे धरून काढलेला हिशेब, दरवर्षी अंदाजपत्रकासोबत नागरिकांसमोर ठेवावे.